नांगरणे : एका क्रियापदाचे दोन अर्थ आणि भाषांतरकाराची कसोटी

१

मराठीत ‘नांगरणे’ ह्या क्रियापदाचे दोन अर्थ रूढ आहेत. शेतकरी जमीन नांगरतो आणि तांडेल गलबत नांगरतो. पहिल्या क्रियेत फाळ मातीत शिरतो व बैलजोडी पुढे चालू लागते. दुसऱ्या क्रियेत लोखंडी आकडा तळाच्या गाळात रुततो व चालती नौका जागच्या जागी थांबते. एक क्रिया गतीची, तर दुसरी गतीचा निरोध करणारी. तरीही भाषेने दोहोंना एकच नाव दिले आहे. मराठी लेख इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्यास मात्र ही सोय नाही. त्याच्यापुढे ‘प्लाऊ’ आणि ‘अँकर’ असे दोन स्वतंत्र शब्द असतात, व प्रत्येक ठिकाणी त्याला त्यांपैकी एकाची निवड करावी लागते.

याच्या जोडीला ठेवून पाहावे असे एक क्रियापद स्पॅनिश भाषेत आहे. ते म्हणजे ‘सुर्कार’. त्याचा मूळ अर्थ जमिनीत फाळाने रेघ पाडणे असा असून नौकेने समुद्र चिरीत जाणे हा त्याचा दुसरा प्रसिद्ध अर्थ होय. तेथेही शेत आणि समुद्र एका क्रियापदात एकत्र आले आहेत. ह्या बाह्य साम्यामुळे दोन्ही उदाहरणे एकाच जातीची आहेत असा समज सहज होतो. परंतु एका भाषेत जे कवींच्या कल्पनेने घडले, ते दुसऱ्या भाषेत बंदरावरील उच्चाराने घडले आहे. हा भेद ओळखला नाही, तर भाषांतर केवळ अशुद्ध होत नाही. शब्दाच्या आधाराने जो इतिहास सांगितला जातो, तोही चुकीचा ठरतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा भेदच आहे. त्याच्या परीक्षेसाठी समुद्रापासून दूर असलेला वाशीमचा प्रदेश विशेष उपयोगी आहे. कारण तेथे ह्या क्रियापदाचा एकच अर्थ नांदत आला आहे.

२

‘सुर्कार’ हे लॅटिन ‘सुल्कारे’ ह्या क्रियापदापासून निघाले. त्याच्या मुळाशी ‘सुल्कुस’ म्हणजे नांगराने पडलेली चाकोरी, आपल्याकडील तास, हे नाम आहे. लॅटिनमधील लकाराचा स्पॅनिशमध्ये रकार होऊन ‘सुर्को’ हे नाम सिद्ध झाले; पोर्तुगीजमध्ये मात्र ‘सुल्को’ व ‘सुल्कार’ ही लकारयुक्त रूपे आढळतात. इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेत नांगराला ‘सुल्ह’ असा शब्द होता. तो लॅटिन ‘सुल्कुस’चा सगोत्र होय. पुढे ‘प्लाऊ’ ह्या शब्दाने त्याला मागे सारले.

समुद्र नांगरण्याची कल्पना स्पॅनिश नाविकांची नव्हे. व्हर्जिलच्या महाकाव्यात समुद्रप्रवासासाठी ‘सुल्कारे’ आणि ‘आरारे’ ही नांगरणीची दोन्ही क्रियापदे योजलेली आहेत, व ऑव्हिडच्या काव्यातही हीच कल्पना येते. ह्या कल्पनेला लॅटिन भाषेनेच जागा करून दिली होती. ‘आएक्वॉर’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ सपाट पृष्ठभाग असा असून तो मैदानालाही लागतो आणि शांत समुद्रालाही लागतो. ज्या भाषेत शेत व समुद्र ह्यांना एकच नाम शोभते, तेथे एकाची क्रिया दुसऱ्याकडे जाणे स्वाभाविक होय. फाळामागे उमटणारी रेघ आणि नौकेमागे उमटणारी फेसाळ वाट ह्यांचे दृश्य साम्य त्याला पोषक ठरले. येथे शब्द एकच आहे, त्याचा अर्थ विस्तारला आहे, आणि त्या विस्ताराचा पुरावा साहित्यात शिल्लक आहे.

इंग्रजी भाषांतरकाराला ‘सुर्कार’चे ओझे त्यामानाने हलके वाटते. लॅटिन काव्याच्या वारशाने इंग्रजीतही नौका लाटा नांगरीत जाते. तथापि ही सोय सर्वत्र पुरत नाही. स्पॅनिशमध्ये पक्षी व विमानेही आकाश ‘सुर्कार’ करतात आणि चेहऱ्यावरील सुरकुत्याही त्याच क्रियापदाने सांगता येतात. इंग्रजी नांगर आकाशात नेला तर तो जड वाटतो. तेथे चिरणे, भेदणे किंवा झेपावणे अशा अर्थाच्या क्रियापदांचा आश्रय घ्यावा लागतो. सुरकुत्यांसाठी पुन्हा तासाचाच वाचक असलेला दुसरा शब्द योजावा लागतो. म्हणजे स्पॅनिशच्या एका शब्दाचे इंग्रजीत तीन-चार शब्दांत विभाजन होते.

आणखी एक अडचण सूक्ष्म आहे. स्पॅनिशमध्ये नांगरण्यासाठी ‘आरार’ असे दुसरे, अधिक साधे क्रियापद आहे. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हार ह्याने इ. स. १८३० मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, क्रांतीची सेवा म्हणजे समुद्रात नांगर चालविणे असे उद्गार एका पत्रात काढले. तेथे त्याने ‘आरार’ हे क्रियापद वापरले. त्याचा आशय प्रवासाचा नसून वैफल्याचा आहे. पाण्यात तास राहत नाही, पीकही येत नाही. स्पॅनिश वाचकाला ‘सुर्कार’ म्हणताच विजयी नौका दिसते आणि ‘आरार’ म्हणताच वाया गेलेले कष्ट दिसतात. इंग्रजीत दोहोंसाठी ‘प्लाऊ’ हा एकच शब्द आला की हा भेद पुसला जातो. मराठीत तर ‘समुद्र नांगरणे’ ह्या शब्दशः रूपांतराने तिसराच घोटाळा उद्भवतो, कारण समुद्र आणि नांगर हे शब्द जवळ येताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे थांबलेले गलबत उभे राहते.

३

हा घोटाळा का होतो हे पाहण्यासाठी ‘नांगर’ शब्दाच्या दोन वंशावळी स्वतंत्रपणे तपासणे अवश्य आहे. शेतातील नांगराची वंशावळ फार जुनी आहे. ‘लाङ्गल’ हा शब्द ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील सत्तावन्नाव्या सूक्तात, म्हणजे क्षेत्रपतीच्या प्रसिद्ध कृषिसूक्तात येतो. पाली भाषेत त्याचे ‘नङ्गल’ झालेले आहे. प्राकृतात ‘लंगल’ व ‘णंगल’ अशी दोन्ही रूपे मान्य होती. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात लाहल, लाङ्गल व लाङ्गूल ह्या शब्दांतील आद्य लकाराचा विकल्पाने णकार होतो असा नियम दिला आहे, आणि त्याला लागूनच ललाट शब्दाचाही उल्लेख केला आहे. ललाट शब्दाची हीच वाट मराठीतील ‘निढळ’ ह्या शब्दापर्यंत येते. निढळाचा घाम गाळून नांगर चालविणारा शेतकरी अशा रीतीने एकाच वर्णविकाराची दोन उदाहरणे एका दमात उच्चारीत असतो. पुढे अंत्य लकाराचा रकार झाला आणि ‘नांगर’ हे रूप स्थिरावले. ‘सुल्कुस’चे ‘सुर्को’ होताना लकाराने जी वाट धरली, तीच येथेही दिसते. मात्र हे साम्य केवळ उच्चारप्रवृत्तीचे आहे, नात्याचे नाही.

‘लाङ्गल’ हा शब्द मुळात आर्यभाषांचा नसावा, असे मत विसाव्या शतकात बळावले. झां प्झिलुस्की ह्यांनी ख्मेर, मलाय इत्यादी भाषांतील नांगरवाचक शब्दांशी त्याची तुलना केली. द्राविड भाषांतही तमिळ ‘ञांचिल’, कन्नड ‘नेगिल’, तेलुगू ‘नागलि’ असे ध्वनीने जवळचे शब्द आहेत. कोणी कोणापासून घेतला ह्याविषयी भाषाशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. प्रस्तुत विषयापुरते इतके निश्चित आहे की, हा शब्द ह्या भूमीत फार पूर्वीपासून शेतीच्या अवजाराचा वाचक आहे व त्याच्या प्राचीन इतिहासात समुद्राचा संबंध दिसत नाही.

४

गलबताच्या नांगराची वंशावळ निराळी आहे. फारसीत जहाजाच्या नांगरास ‘लंगर’ म्हणतात. मराठीच्या दर्यावर्दी शब्दसंग्रहात फारसी-अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे. दर्या, बंदर, नाखवा, खलाशी, सुकाणू हे शब्द त्याची साक्ष देतात. इ. स. १६७७ च्या सुमारास शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने राजव्यवहारकोश रचला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उपक्रम होता. राजदरबारात जे शब्द इतके रुजले होते की त्यांच्या निवारणासाठी कोश करावा लागला, त्यांच्या जातीचे शब्द बंदरांवर तर व्यापाराच्या नित्य व्यवहारात होते. तेव्हा ‘लंगर’ हा शब्द ह्याच वाटेने आला, हे मान्य करण्यास अडचण नाही.

‘लंगर’ शब्दाची लकारयुक्त आवृत्तीही मराठीत जिवंत आहे, परंतु ती समुद्रावर नाही. जेजुरीच्या खंडोबापुढे वाघ्या जी लोखंडी साखळी तोडतो, तिला लंगर म्हणतात व त्या विधीला लंगर तोडणे असे नाव आहे. म्हणजे एकच परका शब्द मराठीत दोन रूपांनी राहिला : साखळीच्या अर्थाने ‘लंगर’ आणि जहाजाच्या आकड्याच्या अर्थाने ‘नांगर’. मग प्रश्न असा की, दुसऱ्या अर्थाच्या वेळी आद्य लकाराचा नकार कोणी केला?

५

ह्या प्रश्नाचे एक उत्तर मोठे मोहक आहे. कोकणातील माणूस वर्षाचा काही काळ शेतात व काही काळ होडीवर असतो. जहाजाच्या लंगराचे दात चिखलात रुतताना त्याला फाळ मातीत रुतल्यासारखा दिसला असेल. आकृतीच्या ह्या साम्याने ‘लंगर’ शब्द ‘नांगर’कडे ओढला गेला असेल. असे मानले म्हणजे मराठी ‘नांगरणे’ आणि स्पॅनिश ‘सुर्कार’ दोन्हींच्या मुळाशी शेत व समुद्र जोडणारी लोककल्पना होती असे म्हणता येते. हे उत्तर सुंदर आहे. परंतु ते शेजारच्या भाषांच्या पुराव्यापुढे टिकत नाही.

गुजरातीत जहाजाच्या आकड्याला ‘लंगर’प्रमाणेच ‘नांगर’ हाही शब्द आहे, व त्यापासून ‘नांगरवुं’ हे क्रियापद होते. पण गुजराती शेतकऱ्याच्या अवजाराचे नाव ‘हळ’ आहे. तेथे शेतातील नांगर शब्दाने लंगराला आपल्याकडे ओढण्याचा संभव अल्पच. तरीही नकार आला आहे. बंगालीचे उदाहरण याहून निर्णायक होय. बंगालीत शेताच्या अवजाराला ‘लांगल’ म्हणतात, म्हणजे तेथे लकार कायम आहे. आणि जहाजाच्या आकड्याला ‘नोंगर’ म्हणतात, म्हणजे तेथे नकार आला आहे. शेतातील शब्दाच्या आकर्षणाने हा बदल झाला असता, तर बंगालीत ‘लंगर’ हेच रूप टिकावयास हवे होते; कारण ते ‘लांगल’च्या अधिक जवळचे आहे. तमिळ व मलयाळम् भाषांतही जहाजाच्या आकड्याला नकारानेच आरंभ होणारा ‘नंगूर’ ह्या रूपाचा शब्द आहे. तेलुगू व कन्नड ह्यांत मात्र ‘लंगरु’ असे लकारयुक्त रूप आढळते.

ह्यावरून निष्कर्ष असा निघतो की, जहाजाच्या आकड्याच्या नावातील नकार हा मराठी शेतकऱ्याच्या कल्पनेचा परिणाम नसून अनेक किनाऱ्यांवर पसरलेल्या दर्यावर्दी बोलीचा विशेष आहे. खंबायतपासून बंगालपर्यंत नावाडी, तांडेल आणि व्यापारी ह्यांची ये-जा होती. त्यांच्या तोंडी हा शब्द फिरला. तो मराठी किनाऱ्यावर आला तेव्हा त्याच उच्चाराचा एक शब्द तेथे आधीच नांदत होता. हिंदीत व गुजरातीत शेताचे अवजार ‘हल’ वा ‘हळ’ असल्याने टक्कर झाली नाही. बंगालीत लकाराने ती टाळली. मराठीत मात्र दोन्ही शब्द एकमेकांवर येऊन बसले. ‘नांगरणे’ हा एका शब्दाचा अर्थविस्तार नव्हे. ते दोन शब्दांचे एकरूप आहे.

फारसी ‘लंगर’ शब्दाच्या मुळाविषयीही मतभेद आहेत. ग्रीक ‘आंकुरा’ ह्या आकडावाचक शब्दाशी त्याचे नाते लावण्यात येते. संस्कृत ‘अंकुश’ ह्या शब्दाच्या मुळाशी असलेला वाकडेपणाचा धातू त्या ग्रीक शब्दातही आहे. उलट, ‘लाङ्गल’ शब्दच पश्चिमेकडे गेला असाही तर्क केला जातो. हा दुसरा तर्क खरा ठरला तरी वरील निष्कर्षाला बाध येत नाही. कारण मग दोन्ही शब्दांचा मूळपुरुष एक होईल इतकेच. पण ते मराठीत परत भेटले ते परके म्हणूनच, आणि त्यांची ओळख मराठीच्या कवीने वा शेतकऱ्याने घडवून आणली असे होणार नाही. रूप सारखे झाल्यानंतर लोकांना दोहोंत साम्य दिसू लागणे हे वेगळे. ते साम्य परिणाम होय, कारण नव्हे.

६

हा निष्कर्ष तपासण्यास वाशीमची भूमी योग्य आहे. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. हरिविजय हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन ह्याच शाखेचा संस्थापक. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला आहे. ह्या भागातून वाहणारे पाणी दोन दिशांनी जाते. उत्तरेकडील ओढे काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेला व तापीला मिळून पश्चिम समुद्राकडे जातात. दक्षिणेकडील पाणी पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात व तेथून पूर्व समुद्राकडे जाते. पाणी दोन्ही समुद्रांना पोचत असले तरी गलबत येथे कधी आले नाही. त्यामुळे येथील ‘नांगरणे’ म्हणजे जमीन नांगरणेच.

परंतु अर्थ एकच असला म्हणून भाषांतर सोपे होत नाही. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत नांगर हे रोजचे अवजार नव्हते. पूर्वापार पद्धतीत हंगामापूर्वीची मुख्य मशागत वखराने होत असे. हरळी व कुंदा ह्यांसारख्या खोल मुळांच्या तणाने जमीन धरली म्हणजे मग नांगर लावीत. वखराला फाळ नसतो. त्याची आडवी लोखंडी पास मातीच्या वरच्या थराखालून सरकते, ढेकळे फोडते व तण कापते, पण तास पाडीत नाही. पेरणी तिफणीने होते आणि उभ्या पिकातील तण डवऱ्याने काढतात. नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी ह्या चार क्रियांची नावे येथील शेतकऱ्याच्या तोंडी स्पष्टपणे भिन्न आहेत. इंग्रजी अनुवादात पहिल्या दोहोंना ‘प्लाऊ’ असे एकच नाव दिले, की वऱ्हाडी शेतीचे वैशिष्ट्य नाहीसे होते. वखरणीचे भाषांतर नांगरणी असे करणारा अनुवादक शेतकऱ्याला जे खर्चाचे व कष्टाचे काम अनेक वर्षांतून एकदा करावे लागे, ते दरवर्षी करायला लावतो. अशा अनुवादावरून कोणी बैलांची संख्या, मजुरी किंवा जमिनीचा कस ह्यांविषयी अनुमान काढले, तर चूक शब्दापुरती राहत नाही. ती अर्थशास्त्रात शिरते.

‘तास’ हा शब्दही असाच फसवा आहे. नगरवासीयाला तो साठ मिनिटांचा काळ वाटतो, तर शेतात तो नांगराची अथवा तिफणीची ओळ होय. लॅटिन ‘सुल्कुस’ला मराठीत नेमका प्रतिशब्द हवा असेल तर तो हाच. कोणी शेतकरी दोन तास झाले असे म्हणाला, तर तो वेळ सांगतो की काम सांगतो, हे तो बांधावर उभा आहे की गावात बसला आहे ह्यावर अवलंबून असते.

अशा चुकांचे परिणाम किती दूरवर जातात ह्याचे उदाहरण वाकाटकांच्या ताम्रपटांतच आहे. वाशीम येथे १९३९ साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला असून तो त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षाचा आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. राजाचा मोठेपणा संस्कृतात आणि गावाचा व्यवहार लोकभाषेत, ही विभागणीच भाषांतराच्या अभ्यासकास बोलकी वाटावी. वाकाटकांच्या दानपत्रांत गाव देताना अटींची एक ठरावीक मालिका येते. तीत गाई व बैल ह्यांविषयीचे एक नकारार्थी पद आहे : ‘अपारंपरगोबलीवर्द’. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटाचे संपादन करताना जे. एफ. फ्लीट ह्यांनी १८८८ साली ह्या पदाचा अर्थ असा केला की, परंपरेने उत्पन्न होणाऱ्या गाईबैलांवर दान घेणाऱ्याचा हक्क राहणार नाही. पुढील अभ्यासकांनी ही सर्व मालिका परिहारांची, म्हणजे सवलतींची आहे हे ओळखले. त्या अर्थाने, राजाच्या अधिकाऱ्यांसाठी पाळीपाळीने गाईबैल पुरविण्याच्या सक्तीतून ते गाव मुक्त होते. वासुदेव विष्णू मिराशी ह्यांनी वाकाटकांच्या सर्व लेखांचे जे संकलन १९६३ साली प्रसिद्ध केले, त्यात ह्या पदांचा विचार सवलती म्हणूनच केलेला आहे.

दोन्ही अर्थांत मूळ शब्द तेच, नकारही तोच. फरक फक्त नकार कोणाला लागतो ह्याचा. पण पहिल्या अर्थाने गावाच्या गोधनावर राजाचा ताबा सिद्ध होतो. दुसऱ्या अर्थाने राजाची नेहमीची मागणी व तिच्यातून मिळालेली सूट सिद्ध होते. नांगर ओढणारा बैल पेरणीच्या दिवसांत सरकारी कामाला जुंपला गेला तर शेत पडीक राहते. तेव्हा ह्या एका पदाच्या भाषांतरावर चौथ्या-पाचव्या शतकातील विदर्भाच्या शेतकऱ्याची स्थिती अवलंबून आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

७

मराठीत शेत आणि पाणी ह्यांना जोडणारी खरी अर्थविस्तृत क्रियापदे नाहीत, असे मात्र समजू नये. ‘हाकारणे’ हे त्यांतील पहिले. हाक मारणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘हाक’ ह्याच शब्दापासून बैल हाकणे, गाडी हाकणे हे प्रयोग आले, आणि किनाऱ्यावर ‘गलबत हाकारणे’ म्हणजे शीड उभारून निघणे असा अर्थ रूढ झाला. येथे शब्द एकच असून हाक देऊन चालविण्याची कल्पना जमिनीवरून पाण्यावर गेली आहे. ‘सुर्कार’च्या जातीचे क्रियापद मराठीत शोधावयाचे तर ते ‘नांगरणे’ नसून ‘हाकारणे’ होय. फरक इतकाच की लॅटिन कवीने मागे राहणारी रेघ पाहिली व मराठी नावाड्याने पुढे चालणाऱ्याला दिलेली हाक ऐकली.

दुसरे क्रियापद ‘वाहणे’. नदी वाहते, हमाल ओझे वाहतो आणि शेतकरी शेत वाहतो. महसुलाच्या भाषेत लागवडीखालील जमिनीला वहितीची जमीन म्हणतात. ह्या सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘वह्’ धातू आहे, व त्याच धातूपासून संस्कृतात नौकेला ‘वहित्र’ हे नाव मिळाले. इंग्रजीत जहाजाचा नांगर उचलण्यासाठी ‘वे’ हे जे क्रियापद योजतात, तेही ह्याच मूळ धातूचे दूरचे आप्त आहे. ज्या दृष्टीने नांगर व नौका ह्यांचा संबंध ‘नांगरणे’ ह्या शब्दात शोधला जातो, तो संबंध खरोखर ‘वाहणे’ ह्या शब्दाच्या पोटात दडलेला आहे.

८

भाषांतरकाराच्या दृष्टीने ह्या सर्वांतून काही व्यावहारिक कसोट्या निघतात. ‘नांगरणे’ ह्या क्रियापदाचे कर्म भूमी असेल तर अर्थ शेतीचा, नौका असेल तर अर्थ बंदराचा. नामाच्या बाबतीत सोबतचे क्रियापद पाहावे. नांगर धरणे हे शेतकऱ्याचे काम, नांगर टाकणे व उचलणे ही प्रामुख्याने नावाड्याची कामे. ‘नांगर सोडणे’ हा प्रयोग मात्र दोघांच्याही तोंडी येतो आणि दोघांच्याही बाबतीत विसाव्याचा असतो : एक बैल मोकळे करतो, दुसरा आकडा पाण्यात सोडतो. तेथे लेख कोठला आहे हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

जेथे नांगर हे राजकीय चिन्ह होते, तेथे केवळ अवजाराचे नाव देऊन भागत नाही. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला आणि पुढे जिजाबाईंच्या काळी त्याच भूमीवर सोन्याचा नांगर चालविण्यात आला, असे परंपरा सांगते. पहिल्याचा अर्थ वस्तीचा शेवट आणि दुसऱ्याचा अर्थ वस्तीचा आरंभ. इंग्रजी वाचकाला गाढवाच्या नांगराचा अपमान आपोआप कळणार नाही. तो सांगावा लागेल. सोन्याच्या नांगराच्या बाबतीत मात्र रोमन परंपरा मदतीला येते, कारण नगर स्थापन करताना नांगराने सीमेचा पहिला तास पाडण्याचा विधी रोमनांतही होता.

शब्दांची दोन रूपे सारखी दिसली की त्यांमागे एक कल्पना असलीच पाहिजे, असे मानण्याकडे विद्वानांचाही कल असतो. ‘सुर्कार’च्या बाबतीत ते खरे आहे, कारण व्हर्जिलपासून त्याचा माग काढता येतो. ‘नांगरणे’च्या बाबतीत ते खरे नाही, कारण बंगाली व गुजराती भाषांची साक्ष त्याविरुद्ध आहे. पहिल्या ठिकाणी अनुवादकाने रूपक राखण्याचा यत्न करावा. दुसऱ्या ठिकाणी रूपक नाहीच, म्हणून दोन शब्द निःशंकपणे वेगळे करावेत. वाशीमच्या शेतकऱ्याने नांगर आणि वखर ह्यांना जसे कधी एक मानले नाही, तसेच शेताचा नांगर आणि जहाजाचा नांगर ह्यांनाही इतिहासाच्या अभ्यासकाने एक मानू नये.